पालकाच्या पानांवरून धुरक्याचं कोडं सोडवणारे हागेन-स्मिट कोण होते?

१९४४ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परिसरातले भाजीपाला उत्पादक शेतकरी हैराण झाले होते. पालक, लेट्यूस, बीट यांच्या पानांवर चंदेरी, तांबूस चट्टे पडत होते. कीड दिसत नव्हती. पण अशी भाजी बाजारात घेणार कोण?

शहरावरही डोळे चुरचुरवणारं धुरकं उतरत होतं. आधी एका कारखान्यावर संशय गेला. तिथलं काम थांबलं, पण धुरकं थांबलं नाही. मग बोट गेलं गंधकाच्या धुराकडे. पण पानांवरचे डाग गंधकाच्या डागांसारखे नव्हते.

अननसाकडून धुरक्याकडे

आरी यान हागेन-स्मिट यांचा जन्म १९०० साली नेदरलँड्समधल्या उत्रेख्तचा. १९३७ मध्ये ते कॅलटेक या संस्थेत आले. ते वनस्पतींमधल्या रसायनांचे अभ्यासक होते. अननसाचा स्वाद कोणत्या रसायनांमुळे येतो, हे ते शोधत होते.

हीच पद्धत त्यांनी हवेसाठी वापरली. पॅसाडेनाची हवा अतिथंड नळ्यांमधून सोडली, तेव्हा हाती तपकिरी द्रवाचे काही थेंब लागले. बंद कक्षात ओझोन आणि पेट्रोलची वाफ एकत्र सोडली, तर रोपांवर शेतातल्यासारखेच चट्टे उमटले.

ओझोन कुठून येतो, हेही त्यांनी १९५२ पर्यंत उलगडलं. गाड्या आणि तेल कारखान्यांमधून निघणारी वाफ, नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि ऊन एकत्र आलं की हवेतच ओझोन तयार होतो.

तेल उद्योगाचा विरोध

तेल उद्योगाच्या पैशातून झालेल्या संशोधनात हा निष्कर्ष खोडण्याचा प्रयत्न झाला. चिडलेल्या हागेन-स्मिट यांनी मग आणखी पुरावे गोळा केले आणि तेच बरोबर ठरले. १९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. १९७७ मध्ये त्यांचं निधन झालं.

पिकांचं नेमकं काय होतं?

आकाशात उंचावरचा ओझोन आपलं रक्षण करतो, जमिनीलगतचा मात्र पिकांना मारक ठरतो. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच इतर संशोधकांनी द्राक्षवेलींच्या पानांवरचे ठिपके ओझोनमुळे पडतात, हे दाखवलं. हा वायू पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि पेशींना इजा करतो. प्रकाशसंश्लेषण मंदावतं, पानं लवकर पिकतात, दाणा नीट भरत नाही. अनेकदा पानांवर डागही दिसत नाही, फक्त उतारा घटतो.

भारतही याला अपवाद नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशातला सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ गेला. गाड्यांचा धूर शहरात सुटतो, पण त्याची किंमत शेतकरीही मोजतो. हागेन-स्मिट यांनी पालकाच्या पानांवरून हेच दाखवून दिलं होतं.