सत्याग्रह थांबवणारे दादासाहेब

२ मार्च जवळ आला की आम्ही सातपूरचे कार्यकर्ते १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची आठवण काढतो. तो थांबला कसा, हे मात्र क्वचितच बोलतो.

दिंडोरी तालुक्यातील आंबे गावी १९०२ साली जन्मलेले भाऊराव गायकवाड, म्हणजे आपले कर्मवीर दादासाहेब, सत्याग्रह समितीचे सचिव होते. रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली. लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. दार उघडले नाही. १९३४ च्या रामनवमीला पुन्हा उतरावे का, असे दादासाहेबांनी बाबासाहेबांना विचारले. मार्चमध्ये उत्तर आले, नको. समाजाने मूर्तिपूजक व्हावे हा हेतू कधीच नव्हता. त्याला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी एवढाच होता, आणि ते काम झाले होते. आता ताकद शिक्षण आणि राजकारणाकडे वळवायची होती.

ज्या लढ्यात चार वर्षे घातली तो सोडला तर आपण हरलो, असे मन सांगतेच. (आमच्या बैठकांत तर साध्या ठरावावरची भूमिकाही कुणाला सोडवत नाही.) दादासाहेब त्या विचारात अडकून पडले नाहीत. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. त्या वाटेवरही ते बाबासाहेबांसोबत राहिले.

नंतर ते लोकसभेत आणि राज्यसभेत गेले. १९५९ आणि १९६४ मध्ये त्यांनी पुन्हा सत्याग्रह केले. या वेळी मागणी देवळाची नव्हती, भूमिहीनांना कसायला जमीन मिळावी ही होती. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले.