महाजालाचा पाया घालणारा मानसशास्त्रज्ञ

इंटरनेटच्या जन्मकथेत अनेक अभियंत्यांची नावे आदराने घेतली जातात. त्या यादीत जोसेफ कार्ल रॉबनेट लिकलायडर यांचे नाव जरा वेगळे आहे. संगणकांचे जाळे त्यांनी स्वतः उभारले नाही. ते शिक्षणाने मानसशास्त्रज्ञ होते आणि ऐन उमेदीच्या काळात दोन वर्षे अमेरिकी सरकारचा संशोधन निधी त्यांच्या हाती होता. तो कोणाला द्यावा आणि त्याच्या बदल्यात काय मागावे, या प्रश्नांची त्यांनी शोधलेली उत्तरे पुढच्या कित्येक दशकांतील दळणवळणाला वळण देणारी ठरली.

लिकलायडर यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथे झाला. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि घरात हे एकुलते एक अपत्य. सेंट लुईसच्याच वॉशिंग्टन विद्यापीठातून १९३७मध्ये त्यांनी भौतिकशास्त्र, गणित आणि मानसशास्त्र अशा तीन विषयांत पदवी मिळविली. पुढे १९४२मध्ये रोचेस्टर विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. माणसाचा कान आणि मेंदू आवाज कसा ओळखतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते हार्वर्ड विद्यापीठाच्या ध्वनिविषयक प्रयोगशाळेत दाखल झाले. विमानाच्या प्रचंड घरघरीत वैमानिकाला बिनतारी संदेश नीट ऐकू कसा येईल, यावर तेथे काम चालत असे. माणूस आणि यंत्र यांच्यातील संवादाशी त्यांचा संबंध आला तो येथे.

१९५०मध्ये ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीत आले. सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांची चाहूल घेणारी ‘सेज’ ही हवाई संरक्षण यंत्रणा त्या दशकात आकार घेत होती. दूरदूरच्या रडारकडून आलेली माहिती टेलिफोनच्या तारांवरून संगणकाकडे जात असे आणि पडद्यासमोर बसलेला सैनिक त्यावरून निर्णय घेत असे. या पडद्यांच्या मानवी बाजूचा विचार करणाऱ्या गटात लिकलायडर होते. एरवी त्या काळी छिद्रपत्रांचे गठ्ठे केंद्रात द्यायचे आणि उत्तरासाठी तासन् तास ताटकळायचे, अशी संगणक वापरण्याची रीत होती. यंत्राशी समोरासमोर संवाद साधता येतो, हे ‘सेज’ने त्यांना दाखवून दिले.

१९५७मध्ये ते केंब्रिजमधील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या सल्लागार कंपनीत गेले. त्याच वर्षी त्यांनी स्वतःच्याच कामाच्या वेळेची नोंद ठेवून पाहिली. निष्कर्ष त्यांना अस्वस्थ करणारा होता. विचारासाठी राखलेल्या वेळेपैकी सुमारे ८५ टक्के वेळ माहिती शोधणे, आकडेमोड करणे आणि आलेख काढणे यांतच जात होता. ही हमाली यंत्राने उचलावी आणि माणसाने प्रश्न विचारावेत, निवड करावी, असा विचार त्यांनी १९६०मध्ये मानव आणि संगणक यांच्या सहजीवनावरील निबंधात मांडला. हा निबंध आजही संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत वाचला जातो.

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये वातावरण बदलले होते. ऑक्टोबर १९५७मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि अमेरिकेला धक्का बसला. त्यातून १९५८मध्ये संरक्षण खात्यात ‘आर्पा’ ही प्रगत संशोधन संस्था स्थापन झाली. हवाई दलाकडून आलेला एक महाकाय संगणक तिच्या पदरी होता आणि लष्करी आदेशयंत्रणेसाठी त्याचा काय उपयोग करावा, हे ठरवायचे होते. त्यासाठी ऑक्टोबर १९६२मध्ये लिकलायडर यांना बोलावण्यात आले. याच महिन्यात क्युबातील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते. योग्य माहिती योग्य वेळी सेनानींच्या हाती पडण्याचे महत्त्व पेंटॅगॉनला कुणी पटवून देण्याची गरज राहिली नव्हती.

लिकलायडर यांनी मात्र या संधीचा अर्थ व्यापक लावला. माणसाला संगणकाशी सहज बोलता आले, तर त्याचा लाभ सेनानीइतकाच शास्त्रज्ञालाही होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी निधीचा ओघ विद्यापीठांकडे वळविला. एमआयटीत १९६३मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅक’ला २० लाख डॉलर मिळाले. एकच महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, हे त्या प्रकल्पाचे मुख्य सूत्र होते. बर्कली, स्टॅनफर्ड आणि पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेलाही पाठबळ मिळाले. कॅलिफोर्नियात डग्लस एंगलबार्ट नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला अभियंता माणसाची बौद्धिक क्षमता यंत्राच्या साह्याने वाढविण्याची स्वप्ने पाहत होता. त्यालाही मदत मिळाली. संगणकाचा माऊस त्याच्याच प्रयोगशाळेतून पुढे आला.

या पैशाचे वैशिष्ट्य रकमेपेक्षा अटींत होते. लिकलायडर एखाद्या वस्तूची मागणी नोंदवीत नसत. ते माणूस निवडीत, त्याला अनेक वर्षे पुरेल असा निधी देत आणि मग त्याच्या कामात ढवळाढवळ करीत नसत. संगणकशास्त्राचे स्वतंत्र विभाग तेव्हा फारच थोड्या विद्यापीठांत होते. स्टॅनफर्ड आणि कार्नेगी या दोन्ही ठिकाणी असे विभाग १९६५मध्ये सुरू झाले. या पद्धतीची दुसरी बाजूही होती. पैसा मोजक्याच नामवंत संस्थांना मिळाला आणि त्यांपैकी एमआयटी तर लिकलायडर यांचीच जुनी संस्था होती. एका माणसाच्या पारखीवर एवढा सार्वजनिक पैसा सोपवावा का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे.

विखुरलेली ही केंद्रे परस्परांना जोडली जावीत, हा विचारही त्यांचाच. एप्रिल १९६३मध्ये त्यांनी निधी मिळालेल्या सर्व संशोधकांना एक टिपण धाडले. आकाशगंगांच्या पलीकडे पोहोचणाऱ्या संगणकजाळ्याचे सभासद, असे त्यांना गमतीने संबोधले होते. टिपणातील प्रश्न मात्र गंभीर होता. प्रत्येक केंद्राचा संगणक निराळा आणि त्याची भाषाही निराळी. मग एकाची माहिती दुसऱ्याला कळणार कशी? पुढे जाळे उभारणाऱ्यांना नेमका हाच प्रश्न सोडवावा लागला.

१९६४मध्ये लिकलायडर यांनी ‘आर्पा’ सोडली, पण त्यांच्या विचाराची पाठराखण करणारे वारस मागे राहिले. १९६६मध्ये या विभागाची सूत्रे हाती आलेले रॉबर्ट टेलर यांच्या कार्यालयात तीन निरनिराळ्या संगणकांशी जोडलेली तीन यंत्रे होती आणि त्या तिन्हींचा आपसात काहीही संबंध नव्हता. ही अडचण त्यांनी वरिष्ठांपुढे मांडली आणि जाळ्यासाठी १० लाख डॉलर मिळविले. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी आराखडा केला, तर लिकलायडर यांच्या जुन्या कंपनीला यंत्रणा उभारण्याचे कंत्राट मिळाले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा कोलमडली. त्याच वर्षाच्या अखेरीस चार केंद्रे जोडली गेली होती.

१९७४मध्ये लिकलायडर पुन्हा त्याच खुर्चीवर आले, तेव्हा दिवस पालटले होते. व्हिएतनाम युद्धाच्या छायेत काँग्रेसने १९६९मध्ये मॅन्सफिल्ड दुरुस्ती संमत केली होती. संरक्षण खात्याच्या पैशातून होणाऱ्या संशोधनाचा लष्करी कामाशी थेट संबंध दाखविणे त्यामुळे आवश्यक ठरले. जानेवारी १९७५मध्ये संस्थेचे संचालक झालेले जॉर्ज हाइलमायर प्रत्येक प्रकल्पाचे उद्दिष्ट, खर्च, कालावधी आणि उपयोग आधी सांगा, असा आग्रह धरीत. करदात्यांच्या पैशाबाबत असे प्रश्न गैर नव्हते. पण कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या विषयात दहा वर्षांनंतरचे फळ आज कसे मोजणार, हे लिकलायडर यांना उमगत नव्हते. त्यांचे आणि संचालकांचे सूर जुळले नाहीत. १९७५मध्येच ते एमआयटीत परतले आणि १९८५मध्ये निवृत्त झाले.

त्यांनी पैसा पुरवून रुजविलेली कल्पना मात्र फोफावत राहिली. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने आजच्या इंटरनेटची नियमावली स्वीकारली. भारतात १९८६मध्ये केंद्र सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या निधीतून ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे सुरू झाले. मुंबईतील आयआयटी आणि राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात सहभागी होते. दुकानात विकत मिळण्याच्या कितीतरी आधी येथेही इंटरनेट सरकारी खर्चानेच आले.

आर्पानेट फेब्रुवारी १९९०मध्ये बंद झाले आणि त्यानंतर चार महिन्यांनी, २६ जून १९९० रोजी मॅसॅच्युसेट्समधील आर्लिंग्टन येथे लिकलायडर यांचे निधन झाले. ते ७५ वर्षांचे होते. वर्ल्ड वाइड वेबने घडविलेली क्रांती त्यांना पाहता आली नाही. आज सहाव्या पिढीच्या मोबाइल सेवेसाठी आणि स्वतः निर्णय घेणाऱ्या जाळ्यांसाठी देशोदेशीची सरकारे निधी देत आहेत. अशा प्रत्येक प्रस्तावावर उपयोग काय आणि केव्हा, हे प्रश्न विचारले जातात. ते विचारलेच पाहिजेत. परंतु १९६३ साली उत्तर हाती आल्याशिवाय पैसा द्यायचा नाही, असे ठरले असते तर लिकलायडर यांच्या टिपणातील जाळे कागदावरच राहिले असते.