हाफकिन आणि संशोधकाची जबाबदारी

१९९४ साली प्लेगच्या भीतीने लोक सुरत सोडून गेले. आमच्या लिंबायतमध्ये वडीलधारी मंडळी त्या दिवसांविषयी सांगतात, तेव्हा मला प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांचे स्मरण होते.

१८६० मध्ये ओडेसा येथे जन्मलेले हाफकिन १८९६ च्या साथीत मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील राजी झालेल्या कैद्यांना ती दिली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचे धैर्य थोरच. तरीही मला प्रश्न पडतो, तुरुंगातल्या माणसाला नकार देण्याची मोकळीक कितपत असते? आज नव्या औषधाच्या चाचणीपूर्वी सर्व धोके समजावून संमती घेणे कायद्याने बंधनकारक आहे. विद्यार्थी मित्रांनो, आपण साधी प्रश्नावली भरून घेतानाही समोरच्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे, हे त्याला आधी सांगावे.