दानवीर प्रेमचंद रायचंद : मातापित्यांच्या नावे ज्ञानदान

जैन परंपरेने आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी दानाची चार रूपे सांगितली आहेत. त्यांपैकी ज्ञानदानाचे फळ सर्वांत सावकाश दिसते, पण सर्वांत दीर्घकाळ टिकते. मुंबईच्या इतिहासातील विख्यात जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद यांचे चरित्र या वचनाची साक्ष देते.

प्रेमचंदजींचा जन्म १८३१ साली सुरत येथे ओसवाल जैन कुटुंबात झाला. पिता रायचंद दीपचंद व्यापारानिमित्त मुंबईस आले आणि पुत्राचे शिक्षण तेथेच झाले. इंग्रजी लिहू-वाचू शकणारे ते पहिले भारतीय शेअर दलाल मानले जातात. अक्षरज्ञानाने मनुष्याला किती दारे उघडतात, याचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नवनव्या बँका व कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांच्या घरात गेला. या सर्व उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंद शेठ होते. त्यांच्या शब्दावर बाजार चढे आणि उतरे.

या वैभवकाळात त्यांनी मातापित्यांचे नाव विद्येशी जोडले. मुलींना शाळेत धाडणे समाजाला रुचत नसे, अशा त्या काळात सुरत येथे पित्याच्या नावाने कन्याशाळा उभी राहिली. भडोच येथील ग्रंथालयासही रायचंद दीपचंद हेच नाव लाभले. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. पाठोपाठ आणखी दोन लाख रुपये घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दिले आणि त्यास मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे, एवढीच इच्छा प्रकट केली.

१८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे व्यवहार पुरे करण्याची वेळ आली, तेव्हा मुंबईचा बाजार ढासळला. प्रेमचंद शेठ यांची अपार संपत्ती लयास गेली. असंख्य कुटुंबे देशोधडीला लागली, बँक ऑफ बॉम्बे बुडाली आणि या अनर्थाचा मोठा दोष त्यांच्या सट्टेबाजीवर आला. चरित्र लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. परिग्रहाची मर्यादा सुटली की बुद्धिमान पुरुषही कसा घसरतो, याचा हा धडा आहे.

तथापि जे दिले होते ते बुडाले नाही. १ मार्च १८६९ रोजी मनोऱ्याची पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पूर्ण झाले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या या २८० फूट उंचीच्या वास्तूस सुमारे साडेपाच लाख रुपये खर्च आला. राजाबाई अंध होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचे व्रत त्यांना घंटानादामुळे कोणाच्याही साह्याविना पाळता येई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेवली, तरी त्या मनोऱ्याच्या तळाशी ग्रंथालय आहे, ही गोष्ट खरी आणि अधिक मोलाची.

कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी दोन लाख रुपये दिले. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती आशुतोष मुखर्जी व जदुनाथ सरकार यांच्यासारख्या विद्वानांना लाभली. शिवछत्रपतींच्या इतिहासाचे संशोधन करणारे जदुनाथ ते हेच. एका जैन व्यापाऱ्याचे दान कोठून कोठे पोहोचले, हे पाहून मन थक्क होते.

पुढील आयुष्य प्रेमचंदजींनी धीराने व उद्योगात घालविले. १८७५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या शेअर दलालांच्या संघटनेच्या संस्थापकांत त्यांचे नाव घेतले जाते. १९०६ साली त्यांचे देहावसान झाले. २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मुंबईच्या ज्या वास्तुसमूहाचा समावेश झाला, त्यात राजाबाई टॉवरही आहे.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ आपण भोजन घालतो, फरशीवर वा भिंतीवर नाव कोरतो. त्यासोबत एखाद्या गरजू बालकाची पाठ्यपुस्तके, शाळेतील पुस्तकांचे एखादे कपाट, एखाद्या मुलीचे वर्षभराचे शुल्क त्यांच्या नावे देता येईल. त्यासाठी लक्षाधीश असण्याची आवश्यकता नाही. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने असा एक संकल्प करावा. बाजारात ठेवलेले धन वाढते आणि बुडतेही; बालकाच्या हाती दिलेले अक्षर मात्र कोणत्याही मंदीत बुडत नाही.