छोट्या कारागिरासाठी मोठे इंजिन

पिठाच्या गिरणीत, विहिरीच्या काठावर एकेकाळी संथ लयीत धडधडणारे इंजिन ज्यांचे नाव मिरवत होते, त्या रुडॉल्फ डिझेल यांच्या आयुष्याला स्वास्थ्य असे फारसे लाभले नाही. त्यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये, बव्हेरियन कुटुंबात झाला. १८७० च्या युद्धामुळे जर्मन कुटुंबांना फ्रान्स सोडावा लागला आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी लंडनमार्गे ऑग्सबर्गच्या नातलगांकडे झाली.

म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंड यांच्या व्याख्यानांतून त्यांना एक गोष्ट उमगली. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावत होते. उरलेली वाया जात होती. या अपव्ययाने त्यांना पुढे झपाटूनच टाकले. हवा इतकी दाबायची, की ती तापून तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटावे, ही त्यांची कल्पना. ऑगस्ट १८९३ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली, तेव्हा दाब नोंदवणारे उपकरणच फुटले. इंजिनाने मान टाकली. डिझेल यांनी नाही. १७ फेब्रुवारी १८९७ च्या अधिकृत चाचणीत सुमारे २६ टक्के कार्यक्षमता सिद्ध झाली.

हे धूड माणसाहून उंच, एकाच सिलिंडरचे. मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे घेणारे. दोन फेऱ्यांत इंधन एकदाच पेटते. मधल्या काळात यंत्र फिरते ठेवायचे ते फ्लायव्हीलच्या अवजड चाकाने, साठवलेल्या वेगाच्या जोरावर. नंतरच्या संथ इंजिनांची मोठाली चाकेही याच हिशेबाची.

बड्या गिरण्यांपुढे हतबल झालेल्या छोट्या कारागिरांना स्वस्त शक्ती मिळावी, ही डिझेल यांची मनापासूनची इच्छा होती. प्रत्यक्षात हे महागडे, वजनदार यंत्र प्रथम परवडले ते कारखानदारांनाच. पुढे ते जहाजांवर आणि पाणबुड्यांतही गेले. कारागिराच्या दारी ते पोहोचले, पण डिझेल यांच्या पश्चात.

पेटंटचे पैसे मिळाले, पण पेटंटवरील वाद, ढासळती प्रकृती आणि जमिनींच्या व्यवहारांतील नुकसान यांनी ते कर्जात बुडाले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवर ते रात्रीचे जेवण करून खोलीकडे गेले. सकाळी बिछाना न विस्कटलेला आढळला. काही दिवसांनी खवळलेल्या समुद्रात एका डच बोटीला मृतदेह दिसला. खिशातील वस्तू काढून घेऊन तो पुन्हा लाटांच्या स्वाधीन करण्यात आला. त्या वस्तू मुलाने ओळखल्या.