दावीद राजाचे पत्र

लहानपणी मला दावीद ठाऊक होता तो गोफणवाला. धिप्पाड गल्याथाला एका गोट्याने लोळवणारा मेंढपाळाचा पोर! सोलापूरच्या मुलाला तो परका वाटण्याचे कारण नव्हते. ज्वारीच्या पिकात फिरणारी गोफण आणि सांगोल्याकडचे धनगरांचे कळप पाहतच आम्ही वाढलो. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात त्याचे सबंध चरित्र वाचले आणि मी गोंधळून गेलो.

बेथलेहेमच्या इशायाचा हा धाकटा मुलगा इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास राजा झाला. आधी हेब्रोनात, मग यरुशलेमेत मिळून त्याने ४० वर्षे राज्य केले. स्तोत्रांचा कर्ता म्हणून यहुदी परंपरेने त्याला मस्तकी धरले. आणि याच माणसाने पदरच्या वीराचा घात करावा!

फौज राब्बाच्या वेढ्यात, राजा मात्र घरी. गच्चीवरून त्याने स्नान करणारी बथशेबा पाहिली व तिला वाड्यात आणवले. तिला दिवस गेले. तिचा नवरा उरिया आघाडीवर लढत होता. पाप झाकावे म्हणून राजाने त्याला बोलावून घरी जाण्याचा आग्रह केला. सोबती उघड्या रानात पडले असता आपण घरचे सुख कसे भोगावे, या विचाराने तो वाड्याच्या दाराशीच निजला. मग राजाने सेनापती यवाबाला पत्र लिहिले : उरियाला तुंबळ लढाईत पुढे घाला आणि मागे सरा. ते पत्र नेले खुद्द उरियाने! या जागी मी पुस्तक मिटून ठेवले होते.

नाथान संदेष्टा राजाकडे आला तो दृष्टांत घेऊन. (कोकणच्या बेने इस्राएल समाजाने आपली आख्याने मराठी कीर्तनांतून सांगितली, त्यांना ही रीत खास आपली वाटली असेल.) एका श्रीमंताने पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी कापली. राजा संतापला, चौपट भरपाईचा निकाल देऊन बसला. तो श्रीमंत तूच, असे नाथानने तोंडावर सांगितले.

मला रामशास्त्री आठवले. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, तेव्हा त्यांनीही राघोबादादांना असेच सुनावले. पण दादांनी दोष पत्करला नाही. शास्त्रीबुवांनाच पुणे सोडावे लागले. दावीदाने गुन्हा तिथल्या तिथे कबूल केला.

तालमुदातील एका पंडिताने त्याला वाचवू पाहिले आहे. लढाईवर जाणारे शिपाई बायकोला सशर्त सोडचिठ्ठी देत, म्हणून तो व्यभिचार नव्हे, असे त्याचे म्हणणे. मला हा वकिली कावा वाटतो. सोडचिठ्ठीने उरियाच्या मरणाचे काय होते? त्याच तालमुदात चौपट भरपाईचा हिशेबही आहे : बथशेबेचे तान्हे मूल गेले, मुलगी तामार सावत्र भावाकडून भ्रष्टविली गेली, तो अम्नोन मारला गेला, आणि शेवटी अबशालोम. तामारेच्या वेळी बाप रागावला, पण मुलाला शासन केले नाही. हा दोष मला पहिल्याइतकाच मोठा वाटतो.

तिचा सूड घेणारा अबशालोम पुढे बापावरच उलटला. लढाईत यवाबाने त्याला ठार केले. विजयी फौज हरल्यासारखी मान खाली घालून शहरात शिरली, कारण राजा वेशीवरच्या माडीत मुलाच्या नावाने आक्रोश करीत होता. यवाबाने कडक शब्दांत कान उघडले, तेव्हा म्हातारा खाली उतरला आणि वेशीत येऊन बसला.