भाऊ दाजी लाड

डॉ. भाऊ दाजी लाड (मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड, १८२२ – मे १८७४) हे मुंबईतील नामवंत डॉक्टर, प्राच्यविद्यापंडित आणि काँग्रेसपूर्व काळातील राजकीय पुढारी होते. काही जुन्या ग्रंथांत त्यांचे जन्मवर्ष १८२४ दिलेले आढळते.

त्यांचा जन्म गोव्यातील मांद्रे येथे झाला. बुद्धिबळातील त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिकविण्याचा सल्ला वडिलांना दिला, असे सांगतात. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून ते तेथेच शिक्षक झाले; बालहत्येवरील निबंधास पारितोषिकही मिळाले. पुढे नोकरी सोडून त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. १८५१ मध्ये सुरू केलेल्या व्यवसायाने त्यांना अमाप पैसा दिला. बंधू डॉ. नारायण दाजी यांची त्यांना मोठी साथ होती. संस्कृत वैद्यकग्रंथांतील औषधे ते स्वतः पारखून पाहत. महारोगावरील त्यांचे प्रयोग विशेष गाजले.

१८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली आणि भाऊ तिचे चिटणीस झाले. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर आले होते. राज्यकारभारात एतद्देशीयांना स्थान मिळावे, असा अर्ज असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठविला. निवडणुका नसलेल्या त्या काळात अर्ज हेच राजकारणाचे साधन होते. त्याला मवाळ म्हणून हिणविणे अन्यायाचे ठरेल. सन १८६२ च्या महाराज अब्रुनुकसानी खटल्यात करसनदास मुळजी यांच्या बाजूने त्यांनी वैद्यकीय साक्ष दिली. महाराजांचा अनुयायीवर्ग धनाढ्य होता. व्यवसायावर जगणाऱ्या डॉक्टरास ही साक्ष सोपी नव्हती. स्त्रीशिक्षणाचेही ते खंदे पुरस्कर्ते होते. १८६९ व १८७१ अशी दोनदा त्यांची मुंबईच्या शेरीफपदी नेमणूक झाली.

वऱ्हाडच्या वाचकाने त्यांचे आणखी एक ऋण ध्यानात ठेवावे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वाकाटकांचा शिलालेख त्यांनी वाचून प्रसिद्ध केला. तो ज्या शाखेचा, तिची राजधानी वत्सगुल्म म्हणजे पूर्वीच्या अकोला जिल्ह्यातील वाशीम. या शाखेचा उलगडा मात्र १९३९ मध्ये वाशीमला ताम्रपट सापडल्यावर झाला.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीत वऱ्हाडात पैसा खेळला, तसा मुंबईत शेअरचा सट्टा बोकाळला. १८६५ मध्ये तो कोसळला आणि भाऊंची बरीच संपत्ती बुडाली. रुग्णसेवा आणि हस्तलिखितांचा संग्रह त्यानंतरही चालू राहिला. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले, त्याला १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.